फ्रँकफुर्टमधला बॉम्ब, १९५९: अल्जीरियाच्या लढ्यात शेजाऱ्यांनी फ्रान्सला किती साथ दिली?

माइनकाठ (धागाकर्ती)

मंडळी, मला फ्रँकफुर्टात येऊन अकरा वर्षं झाली. ऑफिसला जाताना वेस्टएंडमधून रोज वीस मिनिटं चालते. जुनी घरं, मोठी झाडं, मधेच बँकांच्या काचेच्या इमारती. गेल्या महिन्यात कळलं की ३ मार्च १९५९ च्या सकाळी याच वस्तीत गेओर्ग पुखर्ट नावाचा माणूस स्वतःच्या गाडीत बसला आणि गाडीखाली लावलेल्या बॉम्बने गेला. बॉम्बमध्ये पोलादी गोळ्या भरल्या होत्या. पुखर्ट मूळचा लाटव्हियाचा. युद्धानंतर टँजियरमध्ये त्याने सिगारेटच्या चोरट्या व्यापारात पैसा केला, आणि पुढे अल्जीरियाच्या एफएलएनला बंदुका पुरवायला लागला.

मग वाचत गेले आणि एकामागून एक प्रकरणं निघाली. हाम्बुर्गचा शस्त्रव्यापारी ओटो श्ल्यूटर: १९५६ मध्ये कचेरीत स्फोट, १९५७ मध्ये गाडीत स्फोट. दुसऱ्या वेळी त्याची आई गेली. जिनेव्हात सप्टेंबर १९५७ मध्ये मार्सेल लेओपोल्ड, विषारी बाणाने. बॉनमध्ये ५ नोव्हेंबर १९५८ ला एफएलएनचा प्रतिनिधी अमेझियान आइत अहसेन याच्यावर गोळ्या झाडल्या. काही महिन्यांनी तो ट्यूनिसमध्ये वारला. दरवेळी ‘लाल हात’ नावाच्या एका गूढ संघटनेचं नाव पुढे यायचं. त्यामागे फ्रान्सची बाह्य हेरसंस्था एसडेक होती हे आता कुणी नाकारत नाही.

माझा प्रश्न असा. पश्चिम जर्मनी आणि स्वित्झर्लंड या युद्धात कुठेही नव्हते. तरी त्यांच्या रस्त्यांवर हे घडलं, आणि पुखर्टच्या खुनासाठी आजवर कुणाला शिक्षा झालेली नाही. याला सहकार्य म्हणायचं, की नाइलाज, की डोळेझाक? मला स्वतःला वाटतं की डोळेझाक हासुद्धा सहकार्याचाच एक प्रकार आहे, आणि कागदावर न उमटल्यामुळे तो सर्वांत सोयीचा. पण मी इतिहासाची अभ्यासक नाही. इथे पोलिसांतले, जहाजावरचे, युरोपात राहणारे बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतेय.

कोकणकडा

वाचतोय. एफएलएन म्हणजे नेमके कोण ते आमच्यासारख्यांसाठी चार ओळींत सांगाल का?

माइनकाठ

@कोकणकडा, सांगते. राष्ट्रीय मुक्ती आघाडी. १ नोव्हेंबर १९५४ ला त्यांनी सशस्त्र उठाव सुरू केला, ५ जुलै १९६२ ला देश स्वतंत्र झाला. मधल्या काळात फ्रान्सचे चार लाखांहून जास्त सैनिक एकाच वेळी तिथे असायचे, आणि सुमारे दहा लाख युरोपीय वस्तीकर तिथे पिढ्यान् पिढ्या राहत होते. फ्रान्सच्या कायद्यात अल्जीरिया ही वसाहत नव्हती, फ्रान्सचाच भाग होता. त्यामुळे फ्रान्स याला युद्ध म्हणतच नसे. सरकारी भाषेत ‘सुव्यवस्था राखण्याच्या कारवाया’. ‘युद्ध’ हा शब्द तिथल्या संसदेने कायद्यात घातला तो १९९९ मध्ये!

आणि मला वाटतं इथूनच सगळं सुरू होतं. युद्ध नाही म्हटलं की शेजाऱ्याकडे लष्करी मदत मागायची गरज उरत नाही. पोलिसाने पोलिसाला फोन केला की झालं.

जुनी_वायरलेस

माइनकाठताई, विषय महत्त्वाचा काढलात. मी राज्य पोलिसांच्या बिनतारी विभागात ३१ वर्षे होतो. परदेशी हेरखात्यांशी माझा कधी संबंध आला नाही, पण माहितीची देवाणघेवाण कशी चालते हे रात्रपाळीत जवळून पाहिले आहे.

पहिली गोष्ट, फुकट काही नसते. शेजारच्या राज्यातून आमच्या माणसाला एखादी खबर मिळाली की ती कुठे नोंदली जात नसे, पण त्याच्या डोक्यात खाते उघडलेले असे. सहा महिन्यांनी तिकडून फोन आला, ‘साहेब, अमुक गाडीचा नंबर बघा’, की हा निमूट बघून द्यायचा. दोन्ही बाजूंच्या वरिष्ठांना यातले निम्मेही ठाऊक नसे. दुसरी गोष्ट, जिच्याकडून खबर आली त्या बाजूला विचारल्याशिवाय ती तिसऱ्याला द्यायची नाही. हा नियम मोडला की दार कायमचे बंद.

त्यामुळे ‘देशाने देशाला साथ दिली’ असे म्हणताना जपावे लागते. बहुतेक वेळा एका माणसाने दुसऱ्या माणसाला साथ दिलेली असते आणि देशाला ते नंतर कळते. कधी कधी वर्तमानपत्रातून.

आरेकाठ

@जुनी_वायरलेस काका, तुमचं शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला, कारण बर्नमध्ये अगदी हेच घडलंय. मी इथे सतरा वर्षं आहे.

रेने दुबुआ हे स्वित्झर्लंडचे संघीय सरकारी वकील, १९५५ पासून. पक्षाने समाजवादी. स्विस संघीय पोलीस त्यांच्या हाताखाली. बर्नमधल्या इजिप्तच्या वकिलातीचे फोन स्विस पोलीस ऐकत होते. एफएलएनचे बाहेरचे पुढारी तेव्हा कैरोत होते, नासरचा त्यांना आधार होता, त्यामुळे त्या संभाषणांत फ्रान्सला हवं ते बरंच सापडायचं. या टेपांचे उतारे पोहोचत होते बर्नच्याच फ्रेंच वकिलातीतल्या मार्सेल मर्सिए नावाच्या अधिकाऱ्याकडे. वरून राजनैतिक अधिकारी, आतून एसडेकचा माणूस. मधला दुवा होता माक्स उलरिख, संघीय पोलिसांचा इन्स्पेक्टर.

मार्च १९५७ मध्ये हे वर्तमानपत्रांत फुटलं. २३ मार्चला दुबुआंनी राहत्या घरी स्वतःवर गोळी झाडून घेतली. उलरिखवर खटला चालून त्याला शिक्षा झाली. मर्सिएला देश सोडावा लागला.

तटस्थ देशाचा सर्वोच्च सरकारी वकील, आणि त्याच्या खात्यातून दुसऱ्या देशाच्या वकिलातीचे खासगी बोलणे तिसऱ्या देशाला! स्विस माणसाला तटस्थता म्हणजे आपल्याकडे तुळशीवृंदावन असतं तशी. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना मी या प्रकरणाबद्दल विचारलं. त्या तेव्हा शाळेत होत्या. म्हणाल्या, घरात मोठी माणसं रेडिओपाशी गप्प बसून होती एवढंच आठवतं.

माइनकाठ

@आरेकाठ, आणि हाच मर्सिए पुढे कुठे दिसतो माहितीये? बॉनच्या फ्रेंच दूतावासात! पुखर्टच्या खुनानंतर एप्रिल १९५९ मध्ये फ्रँकफुर्टचे वरिष्ठ सरकारी वकील हाइन्त्स वोल्फ यांनी पत्रकारांना बोलावून उघडपणे ‘लाल हात’ला जबाबदार धरलं आणि त्यात मर्सिएचं नाव घेतलं. म्हणजे एका देशात बिंग फुटलेला माणूस शेजारच्या देशात पुन्हा तेच काम करायला बसला, आणि बॉनने त्याला बसू दिलं. माझ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

कोकणकडा

एसडेक, लाल हात, एफएलएन... प्रत्येकाचं एकेक चिटोरं करून फ्रिजवर लावलंय. बायको विचारतेय, कुठल्या परीक्षेला बसलायत? :)

सह्यभटक्या

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा.

धाग्यात एफएलएन म्हणजे निव्वळ स्वातंत्र्यसैनिक असं चित्र उभं राहतंय. मे १९५७ मध्ये मेलुझाजवळच्या एका वस्तीत एफएलएनच्या लोकांनी सुमारे तीनशे गावकरी मारले, कारण ते गाव मेसाली हाज यांच्या प्रतिस्पर्धी संघटनेला मानत होतं. फ्रान्समधल्या अल्जीरियन कामगारांत या दोन गटांनी एकमेकांची कॅफेंमध्ये गोळ्या घालून कत्तल केली, त्यात हजारो गेले. अल्जिअर्समध्ये १९५६ साली कॅफेत बसलेल्या साध्या पोरापोरींवर बॉम्ब टाकले.

अशा संघटनेकडे जहाजं भरभरून शस्त्रं जात असताना शेजारी देशाने माहिती दिली तर त्यात गैर काय? आपणही शेजाऱ्यांकडून हेच मागतो. अमुक माणूस तुमच्याकडे लपलाय, त्याचा पैसा तुमच्या बँकेत आहे, द्या माहिती. ते देत नाहीत तेव्हा आपल्याला संताप येतो. मग फ्रान्सने मागितली तर ते पाप कसं?

मांडवी

@सह्यभटक्या, तुमी मांडलेले तपशील खरे आहेत आणि ते धाग्यात यायलाच हवे होते. पण एक विचारते. छळ करून मिळवलेली माहिती आणि त्या माहितीवर शेजाऱ्याने केलेली मदत, ही वेगळी काढता येते का? १९५७ मध्ये अल्जिअर्समध्ये जनरल मासूच्या पॅराट्रूपर्सनी विजेचे झटके देऊन लोकांना बोलतं केलं. पॉल तैतजेन तिथल्या प्रिफेक्चरचे (जिल्हा प्रशासनाचे) सरचिटणीस होते, पोलिसांचा कारभार त्यांच्याकडे. त्यांनी याच कारणाने राजीनामा दिला. ते स्वतः युद्धकाळात गेस्टापोच्या छळातून गेलेले, म्हणून कैद्यांच्या अंगावरचे वळ त्यांना ओळखता आले. त्या खोल्यांतून निघालेली नावं पुढे कुणाकुणाच्या टेबलावर गेली असतील?

आम्ही गोंयकार हा विषय जरा दुखऱ्या जागेवर घेतो. कासिमिरो मोंतेरो हे नाव ऐकलंय कुणी? गोव्यातच जन्मलेला, पोर्तुगीज पोलिसांत होता. सत्याग्रहींच्या आठवणींत त्याचं नाव आजही येतं. माझी आजी ते नाव उच्चारताना आवाज खाली करायची, मुक्तीनंतर तीस वर्षांनीसुद्धा. १९६१ नंतर तो पोर्तुगालला गेला आणि पिडे या गुप्त पोलिसांत लागला. १३ फेब्रुवारी १९६५ ला स्पेनच्या हद्दीत, विलानुएवा देल फ्रेस्नोजवळ, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे विरोधक जनरल उंबेर्तो देल्गादो यांना सापळ्यात बोलावून मारलं. गोळ्या झाडणारा हाच मोंतेरो.

आता धाग्याशी नातं सांगते. देल्गादो त्याआधी कुठे राहत होते? अल्जिअर्समध्ये! स्वतंत्र अल्जीरियाने पोर्तुगीज विरोधकांना आसरा दिला होता. पणजीतला मारहाण करणारा पोलीस आणि अल्जिअर्सचा पाहुणा, दोघांची गाठ पडली स्पेनच्या एका माळरानावर. या कारवायांना सरहद्दी नसतात त्या अशा.

आरेकाठ

मांडवी, ही गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. मोंतेरोचं पुढे काय झालं?

मांडवी

@आरेकाठ, १९७४ च्या क्रांतीनंतर तो पोर्तुगीजांच्या हाती लागला नाही. देल्गादो खटला त्याच्या गैरहजेरीत चालला. मोझांबिकचे नेते एदुआर्दो मोंडलाने यांच्या खुनातही त्याचं नाव घेतलं जातं. ३ फेब्रुवारी १९६९, दार-ए-सलाम, टपालाने आलेलं पुस्तक उघडलं आणि स्फोट झाला.

माइनकाठ

पुस्तकातला बॉम्ब! मार्च १९६० मध्ये बेल्जियममधल्या लिएजला जॉर्ज लापेर्श नावाचे शिक्षक असेच गेले. अल्जीरियाच्या बाजूने उभे राहणारे साधे शिक्षक. टपालाने पुस्तक आलं, त्यांनी ते उघडलं. शिक्षकाला मारायला पुस्तक वापरावं, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

डोलकाठी

नमस्कार. मर्चंट नेव्हीत २६ वर्षं काढली, चीफ ऑफिसर म्हणून निवृत्त. जहाजांचा उल्लेख आला म्हणून लिहितो.

सप्टेंबर १९५७ पर्यंत फ्रान्सने ट्यूनिशियाच्या सरहद्दीवर विजेचं कुंपण पुरं केलं. मोरिस लाइन. तारेत हजारो व्होल्ट, दोन्ही बाजूंना सुरुंग. मोरोक्कोच्या बाजूलाही तसंच. जमिनीची वाट आवळली म्हटल्यावर एफएलएनच्या मालासाठी समुद्राला आणखी महत्त्व आलं. फ्रेंच नौदल तर त्याआधीपासूनच भूमध्य समुद्रात परक्या जहाजांना थांबवून तपासत होतं.

१६ ऑक्टोबर १९५६, ‘आथोस’, अलेक्झांड्रियाला भरलेलं, सुमारे ७० टन शस्त्रं. १८ जानेवारी १९५८, युगोस्लाव्ह जहाज ‘स्लोव्हेनिया’, १४८ टन. ओरानला नेऊन माल उतरवला. एप्रिल १९५९, चेकोस्लोव्हाकियाचं ‘लिदित्से’, ५८१ टन.

आता धंद्यातली गोष्ट सांगतो. खुल्या समुद्रात दुसऱ्याच्या झेंड्याचं जहाज थांबवणं ही लहान बाब नाही. युगोस्लाव्हियाने कडक निषेध केला. आणि त्या पाण्यात रोज शेकडो जहाजं असतात. प्रत्येकाची झडती घेत बसलात तर वर्ष जाईल. नेमकं कुठलं थांबवायचं हे कळायला बंदरातली माहिती हवी. माल कुठल्या धक्क्यावर चढला, कुणी बुक केला, मॅनिफेस्टमध्ये (मालाच्या यादीत) काय लिहिलं, पेट्यांचं वजन आणि जहाजाची बुड यांचा मेळ बसतो का. शेवटची गोष्ट तर धक्क्यावरचा हमालही ओळखतो. ‘यंत्राचे भाग’ लिहिलेल्या पेट्या असतील आणि जहाज अपेक्षेपेक्षा चार इंच खाली बसलं असेल, तर कुणाच्या तरी नजरेत येतंच. ही माहिती हाम्बुर्ग, अँटवर्प, जिनोआ अशा बंदरांतून येते, आणि तिथे ती गोळा करणारा माणूस फ्रेंचच असेल असं नाही. कस्टमचा कारकून, शिपिंग एजंट, विम्याच्या कचेरीतला कुणी. सरकार मान डोलवो न डोलवो.

आणि माहिती पुरेशी नसली तर सुरुंग. ऑक्टोबर १९५८ मध्ये हाम्बुर्ग बंदरात ‘आटलास’ नावाचं जहाज असंच बुडवलं गेलं. बंदरात, धक्क्याला बांधलेलं जहाज! जहाजावर राहिलेल्या माणसाला विचारा त्याचा अर्थ. तिथे स्वयंपाकी असतो, खलाशी असतो, इंजिनरूममध्ये झोपलेला पोरगा असतो. त्यांचा अल्जीरियाशी काय संबंध?

सह्यभटक्या

@डोलकाठी काका, तुमचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. मान्य. बंदरात सुरुंग लावणं याला माहितीची देवाणघेवाण म्हणता येणार नाही. श्ल्यूटरच्या आईबद्दलही तेच. मी दोन गोष्टी एकत्र करत होतो.

शिळाप्रेस

अवांतर आहे पण अगदीच अवांतर नाही.

युरोपातल्या पोलिसांच्या या आपसातल्या फोनाफोनीचा फटका आपल्या माणसाला पन्नास वर्षं आधीच बसला होता. ८ जुलै १९१०, मार्सेय. सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीच्या पोर्टहोलमधून उडी मारली आणि किनारा गाठला, ही गोष्ट शाळेतल्या प्रत्येक पोराला माहीत असते. मार्सेयला त्यांना पकडणारा फ्रेंच शिपाई ब्रिगेडियर पेस्किए. आपण लहानपणी ऐकलं ते असं की त्या शिपायाला कायदा कळत नव्हता, म्हणून त्याने इंग्रजांच्या ताब्यात दिलं.

पण हेगच्या लवादाचा २४ फेब्रुवारी १९११ चा निकाल वाचा. त्यात आलंय की लंडनच्या पोलीस प्रमुखांनी पॅरिसच्या स्युर्ते जनराल या पोलीस खात्याला जूनअखेरीस आधीच पत्र घातलं होतं: हा कैदी त्या बोटीवर आहे, मार्सेयला बोट लागेल, दक्षता घ्या. आणि फ्रेंच पोलिसांनी व्यवस्था केली होती. म्हणजे शिपाई आधीपासून सांगून ठेवलेला होता. लवादाने म्हटलं की अटकेत अनियमितता झाली खरी, पण त्यामुळे कैदी परत देण्याचं बंधन ब्रिटनवर येत नाही.

फ्रान्स सरकार लवादात सावरकरांना परत मागत होतं आणि त्याच फ्रान्सच्या पोलिसांनी ब्रिटनला आधीच होकार दिला होता. माइनकाठताईंनी विचारलंय ना, सहकार्य की डोळेझाक? इथे तर एकाच देशाचे दोन हात दोन दिशांना.

जुनी_वायरलेस

@शिळाप्रेस, उत्तम. मी हेच म्हणत होतो. परराष्ट्र खाते एका कागदावर आणि पोलीस दुसऱ्या.

रायनथडी

उशिरा आलो. कोलोनला राहतो, म्हणून पश्चिम जर्मनीची बाजू सविस्तर लिहितो. मूळ प्रश्न तोच आहे आणि आपण गोवा, मार्सेय फिरून आलोय. (फिरणं आवडलं!)

१९५८ च्या सुमारास एफएलएनच्या फ्रान्स शाखेचं नेतृत्व, ओमर बुदाऊद आणि मंडळी, फ्रान्समधल्या धरपकडीमुळे पश्चिम जर्मनीत आलं आणि इथून फ्रान्समधला सगळा कारभार चालवायला लागलं. वर्गणी, कागदपत्रं, निरोप. आइत अहसेन बॉनमध्ये ट्यूनिशियाच्या दूतावासाच्या आडोशाने काम करत होता. बॉनला हे माहीत होतं. मग हाकलून का दिलं नाही?

कारण हालश्टाइन सिद्धांत. जो देश पूर्व जर्मनीला मान्यता देईल त्याच्याशी बॉन संबंध तोडणार, असं १९५५ पासूनचं धोरण. अरब देश दुखावले आणि त्यांनी पूर्व बर्लिनला मान्यता दिली तर? ही धास्ती. म्हणून एफएलएनला राहू दिलं.

मग फ्रेंचांना का रोखलं नाही? कारण बर्लिन. २७ नोव्हेंबर १९५८ ला ख्रुश्चेव्हने सहा महिन्यांची मुदत दिली, पश्चिमेने बर्लिन सोडावं म्हणून. ब्रिटन तडजोडीच्या सुरात बोलत होतं. दगॉल मात्र पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांच्या पाठीशी ठाम राहिले. दोघांची कोलोंबेला पहिली भेट झाली होती सप्टेंबर १९५८ मध्ये. आता तारखा लावून बघा. आइत अहसेनवर गोळ्या ५ नोव्हेंबर, ख्रुश्चेव्हचा इशारा २७ नोव्हेंबर, पुखर्ट ३ मार्च. ज्या माणसावर आपलं बर्लिन अवलंबून आहे त्याच्या हेरांना कोर्टात कोण उभं करणार?

आणखी एक गुंता. बीएनडी ही पश्चिम जर्मनीची हेरसंस्था, गेलेन तिचे प्रमुख. तिच्या ट्यूनिसमधल्या रिचर्ड ख्रिस्टमान या माणसाचे एफएलएनशी अगदी जवळचे संबंध होते. म्हणजे गेलेनची संस्था एका हाताने फ्रेंच हेरांशी बोलत होती आणि दुसऱ्या हाताने उद्याच्या अल्जीरियाशी. त्याच वेळी संसदेतले समाजवादी हान्स-युर्गेन विश्नेव्स्की एफएलएनला मनापासून मदत करत होते, इतकी की पुढे लोक त्यांना ‘बेन विश’ म्हणायला लागले. आणि फ्रेंच परकीय पलटणीत (फॉरिन लीजन) जर्मन तरुणांचा मोठा भरणा होता, त्यांच्या आया इथे वर्तमानपत्रांना पत्रं लिहीत होत्या. पलटण सोडून पळणाऱ्यांना घरी पाठवायला एफएलएनने मोरोक्कोत खास यंत्रणा उभारली. ती चालवणारा विनफ्रीड म्युलर, ‘सी मुस्तफा’, हाही जर्मनच.

माझ्या मते पश्चिम जर्मनीने एक बाजू घेतलीच नाही. तिने दोन्ही बाजूंना आपल्या अंगणात येऊ दिलं, आणि मग अंगणात काय झालं ते बघायचं टाळलं. याची किंमत बॉनने भरली नाही. भरली श्ल्यूटरच्या आईने.

माइनकाठ

@रायनथडी, तारखा अशा शेजारी ठेवून मी पाहिल्याच नव्हत्या. नोव्हेंबर १९५८ हा महिना आता डोक्यात बसला.

जुनी_वायरलेस

रायनथडी, मुद्देसूद. एक भर घालतो. पंतप्रधान मिशेल देब्रे यांच्या कचेरीत हेरखात्याचे काम पाहणारे कॉन्स्तांतँ मेल्निक यांनी पुढे लिहून ठेवले की एकट्या १९६० मध्ये एसडेकने १३५ जणांना मारले. हा त्यांचाच आकडा आहे, बाहेरून कुणी मोजून दिलेला नाही, हे लक्षात ठेवून वाचावा. पण आकडा निम्मा धरला तरी इतकी माणसे शेजारी देशांच्या पोलिसांच्या नजरेतून सुटतात, असे मला माझ्या नोकरीच्या अनुभवावरून वाटत नाही. पोलिसाला आपल्या हद्दीतला परका माणूस दिसतोच. तो वर कळवतो. वरून ‘राहू दे’ आले की तो वही मिटतो. मीही काही वेळा वही मिटली आहे. ती प्रकरणे अशी रक्तरंजित नव्हती, पण मिटताना हाताला काय वाटते ते मला माहीत आहे.

कोकणकडा

काका, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

सह्यभटक्या

जुनी_वायरलेस काका, नमस्कार करतो.

माझी भूमिका पुन्हा मांडतो. शस्त्रांच्या जहाजाची खबर शेजाऱ्याला देणं मला आजही चूक वाटत नाही. पण ती खबर कोर्टात जाणार असेल, आरोपीला वकील मिळणार असेल, तरच. इंटरपोलच्या १९५६ च्या घटनेत तिसरं कलम आहे: राजकीय, लष्करी, धार्मिक वा वांशिक स्वरूपाच्या कामात संस्था हात घालणार नाही. इंटरपोलचं मुख्यालय तेव्हा पॅरिसलाच होतं! दार कायद्याने बंद होतं म्हणून खिडकीतून उड्या मारल्या गेल्या. १९५६ मध्ये बेन बेला आणि त्यांचे साथीदार ज्या विमानातून रबातहून ट्यूनिसला निघाले होते ते मोरोक्कोचं विमान फ्रेंचांनी हवेतच वळवून अल्जिअर्सला उतरवलं, २२ ऑक्टोबरला. वैमानिक फ्रेंच होते म्हणून जमलं. त्याच दिवशी पॅरिसजवळच्या सेव्रमध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएल सुएझच्या हल्ल्याचा गुप्त बेत ठरवायला बसले होते. तो आठवडा म्हणजे फोनाफोनीचा कळस असावा.

वारणाकाठ

बेन बेलांचं नाव आलं म्हणून. माझे चुलत आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. बेन बेलाही तेव्हा फ्रेंच सैन्यातून इटलीत, मोंते कासिनोच्या लढाईत होते, आणि दगॉलनी स्वतः त्यांना पदक लावलं होतं. आमचे आजोबा नेहमी सांगत की तिथे काळे, सावळे, पगडीवाले, फेझवाले सगळे दुसऱ्यांच्या झेंड्याखाली लढत होते आणि रात्री शेकोटीजवळ एकच विचार असायचा, घरी गेल्यावर आपलं काय. बेन बेला घरी गेले आणि दहा वर्षांत त्याच सैन्याविरुद्ध उभे राहिले.

आरेकाठ

स्वित्झर्लंडबद्दल एक राहिलं, नाहीतर दुबुआंवरच गोष्ट संपेल.

ज्या देशातून टेपांचे उतारे फ्रान्सकडे गेले, त्याच देशाने चार वर्षांनी शांततेची वाट काढली. ओलिव्हिए लाँग नावाच्या स्विस अधिकाऱ्याने १९६०-६१ मध्ये दोन्ही बाजूंची गुपचूप गाठ घालून दिली. मे १९६१ मध्ये एव्हियांला बोलणी सुरू झाली. एव्हियां जिनेव्हा तलावाच्या फ्रान्सकडच्या किनाऱ्यावर आहे, पण एफएलएनचं शिष्टमंडळ फ्रान्सच्या भूमीवर मुक्काम करायला तयार नव्हतं. मग त्यांना जिनेव्हाजवळ बुआ-दाव्हो इथे उतरवलं आणि स्विस सैन्याची हेलिकॉप्टरं त्यांना रोज तलाव ओलांडून नेत आणि परत आणत. पहारा स्विस सैनिकांचा. ३१ मार्चला एव्हियांचे महापौर कामीय ब्लाँ यांना ओएएसने (अल्जीरिया फ्रान्सकडेच राहावा म्हणणारी गुप्त सशस्त्र संघटना) बॉम्बने मारलं होतं, त्यामुळे धोका खरा होता. करार झाला १८ मार्च १९६२ ला.

मी तलावाकाठी जाते तेव्हा पलीकडे एव्हियांचे दिवे दिसतात. ज्या यंत्रणेने १९५७ मध्ये विश्वासघात केला तिच्याच देशबांधवांनी १९६१ मध्ये त्या माणसांचे प्राण जपले. दोन्ही लक्षात ठेवायचं.

मांडवी

आरेकाठ, छान लिहिलंत.

गोव्याचा अजून एक धागा. १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत भारताने गोव्यातून सैन्य मागे घ्यावं असा ठराव आला, तो मांडणाऱ्यांत ब्रिटन आणि फ्रान्स दोघेही होते. सात मतं ठरावाच्या बाजूने, चार विरुद्ध. रशियाच्या नकाराधिकाराने तो पडला. विरोधात मत देणाऱ्यांत इजिप्त, म्हणजे तेव्हाचं संयुक्त अरब प्रजासत्ताक, होतं. ज्यांच्या बर्नच्या वकिलातीचे फोन ऐकले गेले तेच. इकडे फ्रान्स तेव्हा अल्जीरियात आठव्या वर्षी लढत होता.

आणि आता माझा प्रश्न, कुणाला माहीत असेल तर सांगा. पिडेचं दप्तर लिस्बनच्या तोर्र दु तोंबु अभिलेखागारात आहे असं वाचलंय. माझ्या आईचे मामा १९५५ च्या सत्याग्रहानंतर पकडले गेले होते. त्यांच्या नावाचा कागद मिळू शकेल का?

शिळाप्रेस

@मांडवी, ते दप्तर १९९४ पासून अभ्यासकांना खुलं आहे. घरच्या माणसांनीही विचारायला हरकत नाही. एक काळजी घ्या, नाव मराठी किंवा कोंकणी उच्चारावरून शोधू नका. पोर्तुगीज कागदांत शेणवी ‘सिनाय’ होतात, कामत ‘कामोतिम’, प्रभू ‘पोरोबो’. बाप्तिस्मा किंवा जन्मनोंदीत मामांचं नाव जसं लिहिलंय तसं घ्या, गाव आणि तालुका पोर्तुगीज नावाने लिहा, वडिलांचं नाव जोडा.

मांडवी

देव बरें करूं. मामांचा एक जुना जन्मदाखला आईच्या ट्रंकेत आहे. रविवारी फोंड्याला जाते आहे, तेव्हा काढते. काही मिळालं तर याच धाग्यावर टाकेन.

माइनकाठ

मांडवी, जरूर टाक. लिस्बनला पत्र पोर्तुगीजमध्ये लिहायचं असेल तर इथे माझी एक सहकारी पोर्तुची आहे, तिला विचारून ठेवते.